इंदूरच्या रामबागेतलं वरच्या मजल्यावरचं नाटक: पन्नास खुर्च्या, दोनशेचं तिकीट

आधी कामाचं सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त जायचं की नाही एवढंच हवंय त्यांना पुढचं वाचत बसायला नको. जा. तिकीट २०० रुपये, खुर्च्या ५०, शनिवारी साडेसात म्हणजे साडेसातलाच सुरू, साडेनऊपर्यंत मोकळे. खाली चारचाकी लावायला जागा अजिबात नाही, दुचाकीवर या नाहीतर रिक्षा करा. जिना २२ पायऱ्यांचा आहे, लिफ्ट नाही. रामबागेतल्या एका जुन्या घराचा वरचा मजला आहे, तिथे शनिवारी इथलीच मुलं एकांकिका, विनोद, जादू असं मराठीत करतात, घरच्यांनी नाव-पत्ता कुठे लिहू नका म्हणून सांगितलंय तर मी लिहीत नाही, पण रामबागेत कुणालाही "वर नाटकं होतात ते घर" म्हटलं की लगेच बोट दाखवतात, आम्हाला तर कोपऱ्यावरच्या दूधवाल्यानंच दाखवलं.

मी सलग चार शनिवार गेले. एकदा एकटी, दोनदा ह्यांना घेऊन, आणि शेवटच्या वेळी सासूबाई आणि लेक दोघींना घेऊन. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, २२ पायऱ्या मधे दोनदा थांबून चढल्या, आणि वर गेल्यावर एका मुलीनं न सांगता त्यांना पहिल्या ओळीतली हाताची खुर्ची आणून दिली. ही गोष्ट मला लिहायचीच होती.

आता सविस्तर.

आमच्या घरात नाटक म्हणजे सानंद, इंदुरात मराठी नाटकं आणणारी संस्था. कित्येक वर्षांपासून सभासद आहोत. रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार, वसंत, बहार असे सभासदांचे पाच गट, शनिवारी दोन खेळ आणि रविवारी तीन, खंडवा रोडला विद्यापीठाच्या सभागृहात. मुंबई-पुण्याचं नाटक इंदुरात बसून बघायला मिळतं ते त्यांच्यामुळे आणि याची जाण इथल्या प्रत्येक मराठी घराला आहे. गटांची नावं बघा ना, रामूभैया म्हणजे अरुण दात्यांचे वडील, गाण्याचे जबरदस्त रसिक, आणि राहुलजी म्हणजे नई दुनिया या हिंदी दैनिकाचे संपादक आणि स्वतः नाटकातले. प्रेक्षकांच्या गटाला रसिकाचं नाव देणारं आपलं गाव आहे.

पण तिकडून आलेलं नाटक इथे होतं आणि सेट ट्रकमध्ये भरून पुढच्या गावाला जातं. आपल्या इथल्या मुलामुलींनी काही बसवलं तर ते करायचं कुठे? मोठं सभागृह घ्यायचं तर भाडं, लाइट, साउंड, जनरेटर, आणि एवढं सगळं करून शेकडो खुर्च्यांत साठ माणसं इकडेतिकडे विखुरलेली बसतात, कलाकाराला समोर रिकाम्या खुर्च्यांच्या पाठीच दिसतात. तीच साठ माणसं या हॉलमध्ये आली तर पन्नास खुर्च्या भरून दहा जण भिंतीला टेकून उभे, हाउसफुल. नाटक तेच, माणसं तीच, पण हशा कितीतरी मोठा होतो.

माझे मामा ७० च्या दशकात नोकरीसाठी दादरला होते. ते नेहमी छबिलदास शाळेच्या हॉलबद्दल सांगायचे. १९७४ पासून आविष्कारनं तिथे प्रायोगिक नाटकं करायला सुरुवात केली, अरविंद आणि सुलभा देशपांडे यांची ती संस्था. शाळेचाच हॉल, थाटमाट काही नाही. मामा म्हणायचे, आम्ही नट बघत नव्हतो रे, आम्ही त्याच खोलीत होतो. लहानपणी मला ते कळायचं नाही. जुहूचं पृथ्वी १९७८ चं, तेही जेमतेम दोनशे खुर्च्यांचं, तीन बाजूंनी प्रेक्षक, तिथे दोन वर्षांपूर्वी एक नाटक पाहिलं तेव्हा थोडं कळलं. आणि रामबागेत, तेही आपल्या मराठीत, पूर्ण कळलं.

हॉल साधारण अठरा बाय तीस फुटांचा असेल. उंच स्टेज नाहीच, पुढची दहा फूट जमीन मोकळी सोडलीये आणि तिच्यासमोर मुलांना बसायला एक सतरंजी, मग आठ-आठ खुर्च्यांच्या ओळी. काळ्या कापडाच्या दोन विंगा, चार छोटे एलईडी लाइट. माइक नाही, आणि लागतही नाही. मला वाटलं होतं की टाइल्सची फरशी आणि जुन्या घराच्या कडक भिंती, आवाज घुमणार. तर मध्यंतरात मी काळं कापड जरा बाजूला करून पाहिलं, मागे गोधड्या टांगलेल्या! खऱ्या, लुगड्यांच्या, हातानं शिवलेल्या, एकीला तर निळ्या-पिवळ्या ठिगळांची किनार होती. विचारलं तर कळलं की पहिल्या तालमीला शब्द इतके घुमत होते की एक वाक्य धड कळेना, मग त्यांच्यातल्याच एका मुलीच्या आजीनं माळ्यावरच्या अकरा गोधड्या काढून दिल्या, त्या मागच्या आणि डाव्या भिंतीला खिळ्यांवर अडकवल्या. कडक भिंत आवाज परत फेकते, गोधडी पिऊन टाकते. महागडे फोमचे पॅनल लावायला यांच्याकडे पैसे नव्हते, आणि खरं सांगते, सहाव्या ओळीत मला शब्दन् शब्द ऐकू आला.

पहिल्या शनिवारची एकांकिका दोन माणसांची होती. बहीण-भाऊ, आई गेल्यानंतर घर विकायचं की नाही. विषय ऐकून मला वाटलं, झालं, आता रडारड. बहीण जमिनीवर परात घेऊन बसलेली आणि मेथी निवडतीये. खरी मेथी, वास तिसऱ्या ओळीपर्यंत. भाऊ बोलतोय, कागद दाखवतोय, बिल्डर काय म्हणाला ते सांगतोय, आणि ती नुसती पानं खुडून परातीत टाकतीये, काड्या बाजूला, पानं परातीत, काड्या बाजूला. मग तो म्हणतो की मी सही करून आलोय. तिचा हात थांबला नाही. ती तशीच खुडत राहिली, फक्त आता पानं बाजूला जात होती आणि काड्या परातीत. कुणी काही बोललं नाही, ना ती, ना तो, बहुतेक वीस सेकंद असतील. माझ्या शेजारच्या काकू हळूच "अगं बाई" म्हणाल्या आणि ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. हे मोठ्या सभागृहात होऊच शकत नाही, पंचविसाव्या ओळीतून काडी कुठली आणि पान कुठलं दिसणार? तिथे त्या मुलीला हुंदका द्यावा लागला असता, परात आपटावी लागली असती. इथे तिला काही करावं लागलं नाही. मी घरी येऊन तीन दिवस ह्यांना तेच सांगत होते.

म्हणून दुसऱ्या शनिवारी हे पण आले आणि नेमका त्या दिवशी घोळ झाला. चहाची इलेक्ट्रिक किटली आणि लाइट एकाच लाइनवर होते, एकांकिका रंगात आलेली आणि खटकन एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, पडला, मिट्ट काळोख. लोकांना वाटलं ब्लॅकआउट आहे, नाटक संपलं, टाळ्या पडल्या, चांगल्या जोरात. आणि त्या टाळ्या थांबल्यावर अंधारातूनच तो मुलगा पुढचं वाक्य बोलला. आणि समोरच्यानं उत्तर दिलं. तीन-चार मिनिटं आम्ही फक्त आवाज ऐकत होतो, रेडिओवर श्रुतिका ऐकावी तसं, कुणीही मोबाइल काढला नाही, आणि लाइट आले तेव्हा दोघं बरोबर जिथे असायला हवे तिथे उभे होते. ह्यांनी तिथल्या तिथे पुढच्या शनिवारची दोन तिकिटं घेतली. तिसऱ्या शनिवारपासून चहा खाली गॅसवर होतो, म्हणजे चुकीतून शिकतात हे पण चांगलंच.

आता कॉमेडीबद्दल. तिसऱ्या शनिवारी पहिला अर्धा तास स्टँडअप, मग एकांकिका असं होतं. मी स्टँडअप याआधी एकदाच पाहिलं होतं, विजयनगरकडच्या एका कॅफेत, नाव लिहीत नाही. ऑनलाइन तिकीट २४९, त्यावर बुकिंगवाल्यांची फी वेगळी, आत गेल्यावर कळलं की माणशी कमीत कमी इतक्याची ऑर्डर करावीच लागेल, शो पाऊण तास उशिरा, आणि मुलगा बिचारा नेमका शेवटच्या ओळीवर आला की काउंटरवरचं कॉफी मशीन फुस्स करून ओरडायचं. तो तीनदा थांबला, तीनदा परत उचललं, चौथ्यांदा त्यानं ती ओळ सोडूनच दिली. मला त्याच्यासाठी इतकं वाईट वाटलं. ओपन माइकमध्ये, म्हणजे नवख्यांना माइक मोकळा असतो त्या कार्यक्रमात, प्रत्येकाला पाचेक मिनिटं मिळतात, वेळ संपत आली की मागून कुणीतरी लाइट दाखवतं, त्या पाच मिनिटांसाठी ही मुलं महिना महिना घासतात, आणि तुम्ही त्याचं मशीनच्या आवाजात वाटोळं करता. कार्यक्रम ठेवायचा तर दोन तास मशीन बंद ठेवा, नाहीतर ठेवूच नका.

रामबागेत मशीन नव्हतं. एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता, विशीचा, सगळा कार्यक्रम इंदुरी मराठीवर. आपण भाजी "सुधारतो" ना, म्हणजे चिरतो, त्याच्यावर. पुण्याची मावशी आलीये, आई म्हणते थांब गं मी जरा भाजी सुधारते, आणि मावशी काळजीनं विचारते, का गं, बिघडली होती का? लिहिताना काहीच वाटत नाहीये पण तिथे लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते, कारण हे तिथल्या प्रत्येकानं पुण्याच्या नातेवाइकांकडून ऐकून घेतलंय. चौथ्या शनिवारी हाच मुलगा परत होता आणि त्या दिवशी सासूबाई पहिल्या ओळीत. त्यानं भाजीचं काढल्याबरोबर सासूबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "अरे मग बरोबरच आहे, चिरतात ते लाकूड!" सगळा हॉल फुटला. त्या मुलानं काय करावं? तो शांतपणे खाली त्यांच्यासमोर सतरंजीवर बसला आणि म्हणाला, "आजी, पुढचं तुम्हीच सांगा, मी लिहून घेतो." आणि खरंच दोन मिनिटं सासूबाईच बोलल्या, त्यांच्या लग्नानंतर नागपूरहून इथे आल्यावर त्यांना कुठले कुठले शब्द कळले नव्हते ते. समोरच्या माणसाशी बोलून हशा काढायचा याला ही मुलं क्राउडवर्क म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते म्हणजे कुणाच्या टकलावर नाहीतर पोटावर बोलणं असतं. या मुलानं आजीला मोठं केलं आणि स्वतः खाली बसला. सासूबाई घरी येईपर्यंत रिक्षात एकट्याच हसत होत्या.

झाकिर खान आपल्याच इंदूरचा, २०२५ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जाऊन त्यानं हिंदीत शो केला, तर इथल्या मुलांच्या डोळ्यापुढे तो असणारच आणि असावाच. पण हिंदीत करणारे खूप आहेत. आपली ही जी हिंदी मिसळलेली, होळकरांच्या काळापासून इथे राहून राहून झालेली मराठी आहे तिच्यातला विनोद पुण्या-मुंबईचा कुणी येऊन करणार नाही, तो इथल्यांनीच करायचाय आणि त्यासाठी असाच हॉल लागतो जिथे पन्नासच्या पन्नास माणसांना "सुधारणे" ठाऊक आहे.

चौथा शनिवार व्हरायटीचा होता. जुन्या लोकांना आठवत असेल, गणपतीत गल्लीत विविध गुणदर्शन व्हायचं, नकला, पेटी, जादू, एखादं प्रहसन, तसंच. यातलं सगळं मला आवडलं नाही. पेटीवर नाट्यगीतं झाली ती जरा लांबली, चार पुरली असती, सात वाजवली. आणि एक प्रहसन होतं त्यात पुरुषानं साडी नेसून ठुमकायचं आणि बाकीच्यांनी त्याला चापट्या मारायच्या, टीव्हीवर रोज चालतं तेच, याच्यासाठी २२ पायऱ्या चढून कशाला यायचं? लोक हसले, नाही असं नाही, पण मेथीवाल्या एकांकिकेच्या जागेवर ते बघवलं नाही आणि मी हे त्यांना तोंडावर पण सांगितलं.

जादू मात्र! निवृत्त झालेले एक काका आहेत, पांढरा झब्बा, बाह्या कोपरापर्यंत वर. टोपी नाही, कबूतर नाही, नुसते पत्ते आणि एक जुना रुपया. त्यांनी माझ्या लेकीला, ती नऊ वर्षांची आहे, उठवून शेजारी उभं केलं, पत्ता निवडायला लावला, दोन्ही तळहातांमध्ये घट्ट धरायला लावला. तिनं हात इतके दाबले होते की बोटं पांढरी पडली. आणि हात उघडले तर पत्ता दुसराच. तिचा चेहरा मी दोन हातांवरून पाहिला. मोठ्या स्टेजवर जादूगाराला मोठ्या पेट्या लागतात, माणूस कापावा लागतो, कारण लांबून रुपया दिसतच नाही. हाताची जादू ही खोलीतलीच कला आहे. काका नंतर म्हणाले की दहा वर्षं फक्त वाढदिवसाला केली, लोक जेवत असतात, इथे पहिल्यांदा कुणी जेवत नव्हतं.

आता पैशाचं, आणि हे जरा नीट वाचा. मी बँकेत आहे, आकडे विचारायची सवय आहे, त्यांनी पण लपवलं नाही. पन्नास खुर्च्या दोनशेनं भरल्या तर १०,००० रुपये. त्यात वीज, साफसफाई आणि जागेचे मिळून अडीच हजार, लाइट भाड्यानं दोन हजार, चहा-पाणी, झेरॉक्स, इस्त्री वगैरे पाचशे. उरले पाच हजार. कलाकार आणि मागचे मिळून सात जण, म्हणजे हातात सातशेच्या आसपास, आणि ते एका महिन्याच्या तालमीचे. तेही हॉल भरला तर. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नसतो आणि हे लोक फोनवरच बुकिंग घेतात, त्यामुळे तुमचे दोनशे पूर्णच्या पूर्ण त्यांच्याकडे जातात, मधे कुणी नाही.

आणि तरी दर शनिवारी दारात मी काय ऐकलं तर "पास आहे का?", "आम्ही अमक्याचे काका, आमचं पण तिकीट?" एका शनिवारी अकरा जण फुकट बसले होते, मी मोजले. अकरा म्हणजे २,२०० रुपये, म्हणजे तीन कलाकारांचं मानधन. हेच लोक नाटकानंतर सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गेले असतील आणि तिथे गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, प्लेटला कुणी पास विचारला नसेल. मला राग आला, खरंच आला. भाचा नाटकात काम करतो ना, मग दोन तिकिटं जास्त घ्या आणि शेजाऱ्यांना द्या, कौतुक असं करतात. चौथ्या शनिवारी दारात एक पाटी दिसली, "पास नाहीत. आमच्या आईनंही तिकीट काढलंय." मला फार बरं वाटलं ती वाचून, आणि त्यांच्यातल्या एका मुलाची आई खरंच तिकीट हातात धरून तिसऱ्या ओळीत बसली होती.

उणिवा पण लिहिते. बाथरूम एकच आणि ते खालच्या मजल्यावर, मध्यंतर दहा मिनिटांचं, त्यात बायकांची रांग संपत नाही, पंधरा मिनिटं करा. खुर्च्या प्लास्टिकच्या, तासाभरानं पाठ बोलते, घरून पातळ उशी आणा. आत्ता थंडी आहे म्हणून पंखे बंद ठेवून चाललं, एप्रिल-मेमध्ये काय करणार विचारलं तर त्यांच्याकडे अजून उत्तर नाही, पंखे लावले तर घरघर आणि कूलर लावला तर विचारूच नका. मला वाटतं उन्हाळ्यात गच्चीवर करावं, आपल्या माळव्यात रात्री छान वारा असतो. दुसरा जिना नाही ही मला सगळ्यात मोठी काळजी वाटते. पन्नास माणसं आणि एकच वाट, म्हणून उभं राहणाऱ्यांना आत घेणं त्यांनी बंद करावं असं मी लिहून दिलंय, हाउसफुल म्हणजे पन्नासच. वर आग विझवायचं सिलिंडर आहे, मी तारीख बघितली, चालू आहे.

मध्यंतरात साबुदाण्याची खिचडी मिळते, वर फराळी मिक्श्चर आणि लिंबू, आपल्या इंदूरसारखी, ४० रुपये, घरच्याच काकू करतात. चांगली असते पण पंचवीसेक प्लेटनंतर संपते, तर घंटा व्हायच्या आधीच सांगून ठेवा.

उशिरा जाऊ नका. तिसऱ्या घंटेनंतर दार लावतात आणि मग मध्यंतरापर्यंत जिन्यात बसावं लागतं, ह्यांचे एक मित्र बसले होते. लहान मुलांना घेऊन जायचं तर व्हरायटीच्या शनिवारी जा, एकांकिका मुलांना जड जातात.

आणि खुर्ची घेताना डावीकडची कडेची मागू नका, तिसऱ्या-चौथ्या ओळीच्या मधे लाकडी खांब आहे, अर्धं दिसत नाही. उजवीकडून घ्या, दुसरी किंवा तिसरी ओळ. पुढच्या शनिवारी मेथीवाली एकांकिका परत आहे, दुसऱ्या ओळीतल्या उजवीकडच्या चार आम्ही घेतल्यात, बाकीच्या काल रात्रीपर्यंत होत्या.